काटा बरोबर, जबाबदारी माझी

त्यांचं खरं नाव घरच्या वीजबिलावर होतं आणि ते तिथंच राहायचं. बाकी सगळीकडे ते काटेकोर. कारखान्यातले वजनकाटे तपासायचे, जुळवायचे आणि सील लावून द्यायचे, हा त्यांचा धंदा. काट्यांत आयुष्य गेलं म्हणून काटेकोर आणि स्वभावानंही तसेच म्हणून काटेकोर. नाव ठेवणाऱ्यानं एका दगडात दोन पक्षी मारले होते. चहात दीड चमचा साखर म्हणजे दीडच. दहाची वेळ दिली की नऊ पंचावन्नला फाटकाशी हजर, आणि दहा वाजेपर्यंत फाटकाबाहेरच उभे. लवकर जाणं हासुद्धा त्यांच्या हिशेबी उशिराइतकाच गुन्हा होता.

काम झालं की अहवालाच्या तळाशी ते लिहायचे, 'काटा बरोबर. जबाबदारी माझी.' खाली सही. पुढे पुढे त्याचा त्यांनी रबरी शिक्काच करून घेतला. जांभळ्या शाईत तो उमटवताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की समोरच्यानं नमस्कार करावा.

हे वाक्य ते एका काटे बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते तेव्हापासूनचं. तेव्हा ते लिहायला काही लागत नव्हतं, कारण बिघडलंच तर निस्तरायला कंपनी मागे होती. मग कंपनीनं दुरुस्ती विभाग बंद केला, लोखंडी वजनांचा संच त्यांना स्वस्तात दिला आणि सांगितलं, आजपासून तुम्ही स्वतंत्र. स्वतंत्र हा शब्द काटेकोरांना फार आवडला. काम तेच, कारखाने तेच, वाक्यही तेच. वाक्यामागे उभी असलेली कंपनी तेवढी निघून गेली होती. हे त्यांच्या लक्षात आलं नाही, बायकोच्या आलं.

बायको छापखान्यात मुद्रितं तपासायची. औषधाच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला जो कागद असतो, त्यावरची मुंगीच्या पायाएवढी अक्षरं वाचण्यात तिची तीस वर्षं गेली होती. बारीक अक्षरात लिहिलेलं जगात कोणी वाचत नाही. ती तेवढंच वाचायची. त्यामुळे एका रंगाच्या भुकटीच्या कारखान्याचा वर्षभराच्या कामाचा करार घेऊन काटेकोर घरी आले, तेव्हा तिनं जेवणाची ताटं बाजूला सारून लाल पेन काढलं.

"कलम अकरा," ती म्हणाली. "'कंत्राटदाराच्या कामामुळे होणाऱ्या सर्व प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष नुकसानीबाबत त्याची जबाबदारी अमर्यादित राहील.' वाचलंत हे?"

"वाचलं. मी तर तसा शिक्काच मारतो."

"अमर्यादित म्हणजे काय माहीत आहे? अमर्यादित म्हणजे हे." आणि तिनं पेनानं खालची फरशी दाखवली.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, तिसऱ्या मजल्यावर, दोघांच्या नावावर. त्यातली निम्मी फरशी तिच्या डोळ्यांनी मिळवलेली होती; चष्म्याचा नंबर दर दोन वर्षांनी वाढत गेला तो याच घरापायी.

"काट्यावर चिकटपट्टी लावता ना तुम्ही? त्यावर काय लिहिता?"

"चुकीची मर्यादा. अधिक-उणे पाच ग्रॅम, असं."

"का? काटा वाईट असतो म्हणून?"

"अगं, चांगल्यातला चांगला काटाही थोडा चुकतोच. किती चुकला तर चालेल, ते आधी लिहून ठेवावं लागतं."

"मग तुमच्यावरही लावू या एक पट्टी."

"मी काय काटा आहे?"

"नाही ना. काट्याला घर नसतं," ती म्हणाली आणि ताटं पुन्हा ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती त्यांच्याबरोबर कारखान्यात गेली. काटेकोरांना बायकोला घेऊन कामावर जाणं म्हणजे शाळेत पालकांना घेऊन जाण्यासारखं वाटत होतं. खरेदी अधिकारी सभ्य माणूस होता. म्हणाला, "बाई, हा आमचा ठरलेला मसुदा आहे. सगळे यावरच सही करतात."

"तुमच्या कंपनीचं पूर्ण नाव काय हो?"

अधिकाऱ्यानं मागच्या भिंतीवरची पाटी दाखवली. लांबलचक नाव होतं आणि शेवटी शब्द होता, मर्यादित.

"हे शेवटचं मर्यादित कशाला?"

"ते कायद्यानं लावावं लागतं. म्हणजे कंपनी बुडाली तरी मालकांची जबाबदारी त्यांनी घातलेल्या भांडवलापुरतीच."

"एवढे शेड, एवढे ट्रक, त्यांची जबाबदारी मर्यादित. आणि माझ्या नवऱ्याची एक स्कूटर आहे, तर त्याची अमर्यादित?"

अधिकारी आधी पाटीकडे बघत राहिला, मग हसला. त्यानं कोणाला तरी फोन लावला, दोनदा 'हो साहेब' म्हणाला आणि कलम अकरा बदलून दिलं. काटेकोरांनी कामातल्या चुकीसाठीचा विमा काढायचा, आणि नुकसान कितीही झालं तरी त्यांची जबाबदारी त्या विम्याच्या रकमेपुरतीच. बायकोनं बदललेलं कलम तीनदा वाचलं, एका ठिकाणी स्वल्पविराम घालायला लावला आणि मग काटेकोरांना सही करू दिली.

"काय काका," निघताना अधिकारी म्हणाला, "आता तुम्हीपण मर्यादित झालात."

सगळे हसले. काटेकोरही हसले. पण ते वाक्य त्यांना बोचलं. तीस वर्षं ज्याच्या शब्दावर ट्रक भरून गेले, त्याच्या शब्दाला आता कुंपण. घरी आल्यावर बायकोनं विम्याचा कागदही वाचून दाखवला. "'विमाधारकाने स्वतःहून दिलेली हमी वा कायद्यापलीकडे स्वीकारलेली जबाबदारी या विम्यात समाविष्ट नाही.' म्हणजे तुमचा शिक्का. हात दाखवून अवलक्षण कशाला करायचं?" तिनं शिक्का उचलला आणि शिवणयंत्राच्या खणात टाकला. काटेकोर बरं म्हणाले. नवरे बरं म्हणतात तसं.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी गच्चीत वर्तमानपत्र पसरलं आणि आपली वजनं रंगवायला काढली. लोखंडावर गंजाचे डाग पडले होते, टवके उडाले होते. मर्यादित माणसाची वजनं तरी झोकात दिसावीत, एवढंच त्यांच्या मनात होतं. रॉकेलच्या फडक्यानं पुसून त्यांनी राखाडी रंगाचा एक हात दिला, वाळल्यावर दुसरा. बायको कपडे वाळत घालत होती. "वरचे आकडे बुजवू नका," एवढंच ती म्हणाली. आकडे त्यांनी बारीक कुंचल्यानं पांढरे करून घेतले. वजनं अगदी नव्यासारखी दिसू लागली.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी भुकटीच्या कारखान्यातला पॅकिंगचा काटा जुळवला. वीस वीस किलोचे ड्रम तिथं भरले जायचे. सहा बायका पॅकिंगला होत्या. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या बाईंना सगळे मावशी म्हणत. काटेकोर आले की मावशी स्टूल पुसून द्यायच्या आणि चहा आणायच्या, साखर दीड चमचा. काटेकोरांनी वीस किलोचं वजन ठेवलं, आकडा जुळवला, सील लावलं. अहवालाच्या तळाशी जागा मोकळी दिसत होती. शिक्का नव्हता, म्हणून त्यांनी हातानंच लिहिलं. जित्याची खोड.

पाच महिन्यांनी कारखान्यात मालाची मोजदाद झाली, तर साडेतीनशे किलो भुकटी कमी भरली. भुकटी महागाची. चोरी म्हटल्यावर पहिलं बोट कुणाकडे जाणार? ज्यांच्या हातात माल, त्यांच्याकडे. रोज संध्याकाळी फाटकावर सहाही जणींच्या पिशव्या उपसल्या जाऊ लागल्या. डबे उघडून बघायचे, टॉवेल झटकून बघायचे. काट्याचीही एकदा खात्री करावी म्हणून काटेकोरांना बोलावणं गेलं.

"काका, नीट बघा हो," मावशी म्हणाल्या. त्या दिवशीही त्यांनी चहा आणला होता. "काटाच चुकत असेल. आमच्यातली कुणी असलं करणार नाही."

काटेकोरांनी वजन ठेवलं. वीस किलो बरोबर. उतरवून पुन्हा ठेवलं. वीस किलो बरोबर. सील शाबूत होतं.

"मावशी, काट्यात काही दोष नाही," ते म्हणाले, आणि मावशींकडे न बघता अहवाल लिहायला बसले. तळाशी तेच वाक्य लिहिलं. पिशव्या आणखी पंधरा दिवस उपसल्या गेल्या. एक बाई नोकरी सोडून गेली.

मग एका गिऱ्हाइकानं प्रामाणिकपणानं कळवलं, की तुमच्या प्रत्येक ड्रममध्ये माल थोडा जास्त येतो. कारखान्यानं बाहेरच्या प्रयोगशाळेची माणसं आणली. त्यांनी आपली वजनं ठेवली आणि काटा उघडा पडला: वीस किलो दाखवताना तो बावीस ग्रॅम जास्त घेत होता. दिवसाला सव्वाशे ड्रम, प्रत्येकात बावीस ग्रॅम फुकट. चोर कोणीच नव्हतं. माल राजरोस, पावती घेऊन, फाटकातून बाहेर गेला होता. पिशव्या तपासणं बंद झालं. त्या बायकांना मात्र 'आमचं चुकलं' एवढंही कोणी म्हणालं नाही.

काटेकोरांना पत्र आलं. दोन्ही अहवालांच्या प्रती जोडल्या होत्या आणि हातानं लिहिलेल्या वाक्याभोवती वर्तुळ होतं. 'आपण स्वतंत्र लेखी हमी दिली असल्यामुळे कलम अकरामधील मर्यादा लागू होत नाही.' भुकटीची किंमत, बुडालेला नफा, प्रयोगशाळेचा खर्च, सगळं मिळून जो आकडा खाली लिहिला होता, तो विम्याच्या रकमेच्या बराच वर होता आणि घराच्या किमतीच्या जवळपास. काट्याचा नायटा म्हणतात तो असा. बायकोनं पत्र वाचलं आणि वर्तुळावर बोट ठेवलं. तिनं काही विचारलं नाही. काटेकोरांना तिनं ओरडलेलं परवडलं असतं.

विमा कंपनीचा सर्व्हेअर घरी आला. त्यानं कागद पसरले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्याकडून चूक झाली का?"

"तीस वर्षांत एकदाही नाही," काटेकोर म्हणाले. "मी काटा सोडला तेव्हा बरोबर होता. नंतर कोणी तरी धक्का दिला असेल."

"सील तर शाबूत आहे. मग आम्ही काही देऊ शकत नाही."

"म्हणजे मी चुकलो नाही म्हणून देणार नाही?"

"काका, आमचा विमा चुकीचा आहे."

"ते मला पहिल्या दिवसापासून वाटतंय."

"तसं नव्हे हो. चुकीसाठीचा आहे," सर्व्हेअर म्हणाला. त्याला हसू आलं होतं, पण त्यानं ते आवरलं. "तुम्ही चुकला असाल, तर ती कामातली चूक. मग करारातली मर्यादा लागू होते आणि तेवढं आम्ही भरतो. पण चुकला नसाल आणि नुसतं जबाबदारी माझी असं लिहून बसला असाल, तर ती तुमची हमी. ती आमच्या कागदात नाही, त्यांच्या मर्यादेत नाही. ती तुमची तुम्हीच निस्तरायची."

सर्व्हेअर कागद आवरत उठला. दाराशी वजनांची पेटी उघडी होती.

"नवी घेतलीत वाटतं? छान आहेत."

"नाही, जुनीच. रंगव..." काटेकोर म्हणाले, आणि शब्द अर्धाच राहिला.

वजनाला हात लावला, घासलं, आपटलं, रंग दिला, की ते आधी प्रमाणशाळेत नेऊन तपासून आणायचं आणि मगच वापरायचं. काटे तपासणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते हे. काटेकोरांनी स्वतः कित्येकांना शिकवलं होतं. रंगालाही वजन असतं, हे सांगायला कोणी विद्वान लागत नाही. आणि काटा पुन्हा तपासला तेव्हाही त्यांनी तीच वजनं ठेवली होती. जुळवला ज्यानं, तपासलाही त्यानंच. बरोबर येणार नाही तर काय होणार?

"मला दोन दिवस द्या," ते सर्व्हेअरला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वीस किलोचं वजन स्कूटरवर पायांमध्ये ठेवून प्रमाणशाळेत घेऊन गेले. तिथला माणूस ओळखीचा. त्यानं वजन काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला, वजनाकडे पाहिलं.

"काटेकोर, हे कोणी रंगवलं हो?"

"आहे एक गाढव," काटेकोर म्हणाले.

घरी आले तेव्हा बायको खिडकीशी मुद्रितं घेऊन बसली होती.

"किती?" तिनं मान वर न करता विचारलं.

"बावीस."

"दोन हात दिले होते ना. एकच दिला असता तर अकरावर भागलं असतं."

काटेकोर हसायला गेले आणि त्यांना रडू आलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, दारातच, हातात हेल्मेट घेऊन ते रडले. घराची भीती होतीच, पण रडू त्याचं नव्हतं. काट्यात काही दोष नाही, असं मावशींना सांगताना आपण त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं, हे त्यांना आठवलं होतं. बायकोनं उठून हेल्मेट काढून घेतलं, पाणी दिलं आणि विम्याचा फॉर्म पुढ्यात ठेवला. त्यात रकाना होता, 'चुकीचे स्वरूप'.

काटेकोरांनी लिहिलं, 'तांत्रिक कारणामुळे वजनात तफावत आढळून आली.'

तिनं लाल पेनानं पूर्ण वाक्य खोडलं. "याला कर्ताच नाही."

त्यांनी पुन्हा लिहिलं, 'वजनांना रंग दिला गेला होता.'

"कोणी?"

तीन कागद फुकट गेले. जबाबदारी माझी हे वाक्य तीस वर्षं हातातून आपसूक उतरत होतं, आणि हे साधं वाक्य काही केल्या उतरेना. शेवटी त्यांनी एका दमात लिहून टाकलं. 'वजनांना मी रंग दिला आणि पुन्हा तपासून न घेता वापरली. दुसऱ्या वेळी काटा तपासतानाही तीच वापरली. चूक माझी. जबाबदारी माझी.'

बायकोनं वाचलं. शेवटच्या दोन शब्दांवरून लाल रेघ ओढली आणि समासात गाळण्याची खूण केली.

"चुकीपर्यंत राहू दे," ती म्हणाली. "इथं तेवढंच लागतं."

चूक कबूल झाल्यावर बाकीचं कागदोपत्री पार पडलं. कारखान्याच्या वकिलानं वर्तुळातल्या वाक्यावर थोडी ओढाताण केली, पण चूक म्हटली की कलम अकरा, आणि कलम अकरा म्हटलं की मर्यादा. विमा कंपनीनं पैसे भरले. सुरुवातीचा थोडा हिस्सा आपण भरायचा असतो. त्यात स्कूटर गेली. घर राहिलं. कारखान्यानं करार पुढे वाढवला नाही, आणि काटेकोरांनीही विचारलं नाही. त्यांनी वजनं खरवडून काढली आणि प्रमाणशाळेतून शिक्का मारून आणली.

फाटकाचा पास परत करायला ते शेवटचे गेले, तेव्हा पाळी सुटत होती. मावशी समोरूनच आल्या.

"काटा चुकला होता म्हणे, काका."

"काटा नाही, मावशी. मी चुकलो."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो, विचारलं होतंत."

"कंपनीला मिळाली का भरपाई?"

"मिळाली. विम्यातून."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या आणि पुढे गेल्या. पहारेकऱ्यासमोर आल्यावर त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवली आणि उघडून धरली. पहारेकरी म्हणाला, "अहो मावशी, आता नाही बघत." तरी त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग पिशवी मिटून निघून गेल्या.

काटेकोर बसनं घरी आले आणि बूट न काढताच लिहायला बसले. खरेदी अधिकाऱ्याला त्यांनी आधीच विचारलं होतं. त्याचं म्हणणं, सूचना फलकावर एक कागद लावायला माझी काही हरकत नाही. या वेळी एकही कागद फुकट गेला नाही. लिहून झाल्यावर त्यांनी तो बायकोपुढे सरकवला.

'पॅकिंग विभागातल्या सहा जणींपैकी कोणीही एक ग्रॅम माल नेलेला नाही. वजनकाटा चुकीचा होता आणि तो मी चुकीचा जुळवला होता. मावशींनी विचारलं असतानाही तो बरोबर आहे असं मी लिहून दिलं. त्यामुळे त्यांच्या पिशव्या तपासल्या गेल्या. चूक माझी. जबाबदारी माझी.'

तिनं एक वेलांटी दुरुस्त केली. मग पेन शेवटच्या दोन शब्दांवर येऊन थांबलं.

"हे विम्यात येत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"याला मर्यादाही नाही."

"माहीत आहे."

तिनं पेनाला टोपण लावलं. "दोन प्रती करा," ती म्हणाली. "नोकरी सोडून गेली त्या बाईच्या घरी एक जायला हवी. पत्ता मावशींना विचारा, आणि टपालानं नका पाठवू."

काटेकोरांनी दुसरा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहायला सुरुवात केली.